शाली पुरे झाल्या, आता ठराव करा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

२६ जुलै, कारगिल विजय दिवस आला की तुमच्या पेपरात आमच्या फौजी लोकांचे फोटो येतात, १५ ऑगस्टला येतात, ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो तेव्हा परत येतात. शाल, श्रीफळ, मागे बॅनर, आणि बॅनरवर पुढाऱ्यांचे चेहरे एवढे मोठे की ज्याचा सत्कार आहे तो फौजी कुठेतरी कोपऱ्यात दिसतो. तक्रार नाही हं माझी, मान मिळाला तर कुणाला नको असतो, आमच्या कपाटात पण शालींची चळत आहे. मला बोलायचंय ते त्या स्टेजवर माइक हातात आल्यावर आपली माणसं काय मागतात त्याबद्दल.

मागच्या कार्यक्रमात एक रिटायर्ड सुभेदार साहेब उठले आणि आमदारांना ओआरओपीच्या, म्हणजे वन रँक वन पेन्शनच्या, एरियर्सचं विचारलं. दुसरे म्हणाले ईसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, औषधं मिळत नाहीत, बाहेरून घ्यावी लागतात. तिसऱ्यांचं स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर, लाइफ सर्टिफिकेट अडकलेलं. तिन्ही गोष्टी खऱ्या, तिन्ही त्रासाच्या, पण तिन्ही दिल्लीच्या! आमदार हसून म्हणाले, पाठपुरावा करतो, टाळ्या पडल्या, जेवणं झाली, संपलं. आमदाराला पण बरंच असतं की असला प्रश्न, त्यांच्या अखत्यारीत काहीच येत नाही त्यामुळे उत्तरही द्यावं लागत नाही.

आता ओआरओपीचं म्हणाल तर ती मागणी किती जुनी. १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगापासून पेन्शनचं दुखणं सुरू झालं, संसदेच्या कोश्यारी समितीचा रिपोर्ट २०११ चा, आणि शेवटी २०१५ च्या जूनपासून माजी सैनिक जंतरमंतरवर जाऊन बसले तेव्हा सप्टेंबरात घोषणा झाली, नोव्हेंबरात आदेश निघाला, लागू १ जुलै २०१४ पासून. पुढे सुप्रीम कोर्टातही गेलं. ते आंदोलन चाललं कारण मागणी एकच होती, आणि ज्याच्याकडे मागायची त्याच्याच दारात मागितली होती. आपण जिल्ह्यात, तालुक्यात नेमकं हेच विसरतो.

कारण बघा, फौज केंद्राची, पेन्शन केंद्राची, ते सगळं मान्य. पण फौजी निवृत्त होऊन येतो कुठे? गावात येतो. आणि गावात आल्यावर त्याची जमीन, सातबारा, मोजणी, घरपट्टी, पोरांचे दाखले, राज्यातली नोकरभरती, पोलीस स्टेशन, हे सगळं राज्य सरकारचं. नोकरीत असताना पण तेच, तो तिकडे सियाचीनला नाहीतर राजौरीत, आणि त्याच्या बायकोचे हेलपाटे तलाठी ऑफिस, तहसील, शाळा असेच चाललेले असतात. पुण्यात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे, जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथले कल्याण संघटक चांगले असतात बऱ्याच ठिकाणी, पण त्यांच्या हातात काय असतं? पत्र लिहिणं. पुढे तहसीलमध्ये त्या पत्राचं काय होतं ते तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण.

जमिनीचं जरा सविस्तर सांगते कारण फौजी घरांमधलं सगळ्यात मोठं दुखणं तेच आहे, आणि त्यावर स्टेजवरून कुणी बोलत नाही. फौजीला वर्षाला साठ दिवस ॲन्युअल लीव्ह आणि तीस दिवस कॅज्युअल, तीही पलटणीच्या सोयीनं. गावाकडं शेजारी दरवर्षी बांध कोरतो, कधी कधी तो शेजारी म्हणजे सख्खा भाऊच असतो. मोजणीचा अर्ज केला तर मोजणीची तारीख येते तेव्हा हा फॉरवर्ड पोस्टला. फेरफारावर हरकत घ्यायची मुदत असते, ती नोटीस येते घरच्या पत्त्यावर, घरी म्हातारे आईवडील, त्यांना वाचता येत नाही किंवा ज्याच्याविरुद्ध हरकत घ्यायची त्याच्याच घरात ते राहतात! कोर्टात दावा पडला तर तारखा आणि सुट्टी यांचा मेळच बसत नाही. वकील म्हणतो पुढच्या तारखेला आणा साहेबांना, साहेब पुढच्या तारखेला कुपवाड्यात. शेवटी बायको वटमुखत्यारपत्र घेऊन उभी राहते आणि समोरची पार्टी तिला म्हणते, तुला काय कळतंय शेतातलं.

यासाठी कायदा नाही का, तर आहे, आणि तो इंग्रजांच्या काळातला आहे. इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५. विशेष परिस्थितीत ड्युटीवर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत केस पुढे रेटू नये, त्यासाठी दाखला देता येतो, एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून मागता येतो, अशी सगळी व्यवस्था त्यात आहे. शंभर वर्षं झाली. आमच्या ओळखीच्या फौजी कुटुंबांत मी विचारलं, या कायद्याचं नाव ऐकलेलं एकही घर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोन वकिलांनी पण आधी गुगल केलं. २०२५ च्या २६ जुलैला नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, वीर परिवार सहायता योजना सुरू केली, सैनिक बोर्डाच्या ऑफिसातच मोफत कायदेशीर मदत मिळावी म्हणून. चांगली गोष्ट आहे. पण ती मदत वकिलाची झाली, तलाठ्याची कुठाय? माझी साधी मागणी आहे की महसूल खात्यानं फौजीच्या सातबाऱ्यावर, त्याची स्वतःची इच्छा असेल तर, तशी नोंद ठेवावी, आणि त्या गटावर फेरफार, मोजणी, वाटणी काहीही निघालं तर नोटीसची एक प्रत जिल्हा सैनिक कार्यालयाला आणि एक त्याच्या युनिटला आपोआप जावी, आणि हरकतीची मुदत तो सुट्टीवर येईपर्यंत थांबावी. याला ना बजेट लागतं ना दिल्लीची परवानगी. आता सगळं ऑनलाइन झालंय म्हणतात ना, मग सिस्टिममध्ये एक रकाना वाढवायला काय जातं.

सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरच्या, पत्राचं पण सांगते. जवानानं घरची अडचण सांगितली की पलटणीकडून कलेक्टरला पत्र येतं, इंग्रजीत, शिक्का सही सगळं व्यवस्थित. कलेक्टर ऑफिसातून ते जातं प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलदाराकडे, तिथून सर्कलकडे, सर्कलकडून तलाठी भाऊसाहेबांकडे, आणि भाऊसाहेब अहवाल लिहितात "अर्जदार समक्ष हजर नाहीत". अहो तो हजर नाही म्हणूनच तर पत्र आलंय ना!

दाखल्यांचा प्रकार वेगळाच. माझ्या मुलीचं नॉन-क्रीमी लेयर काढायला गेले होते, नवरा तेव्हा नोकरीत हवालदार. काउंटरवरच्या मुलानं पे-स्लिप बघितली, कॅल्क्युलेटर घेतला, बेसिक, डीए, मिलिटरी सर्व्हिस पे, हाय अल्टिट्यूडचा भत्ता सुद्धा, सगळं बेरजेत घेतलं आणि म्हणाला ताई लिमिटच्या वर जातंय. मी म्हटलं हे बर्फात राहण्याचे पैसे आहेत रे दादा. तो म्हणाला इन्कम ते इन्कम. आता १९९३ पासून केंद्राचा नियम असा की फौजेत कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांची मुलं क्रीमी लेयरमध्ये धरायची, आणि उत्पन्नाच्या निकषात पगाराचं नि शेतीचं उत्पन्न मिळवायचं नाही. हवालदार कुठे आणि कर्नल कुठे. त्या मुलाचा दोष मी धरत नाही, त्याला कुणी सांगितलेलंच नाही, त्याच्या टेबलावर जो कागद चिकटवलाय त्यावर ते लिहिलेलं नाही. पण असा एक कागद टेबलावर चिकटवायला राज्य सरकारला कुणी अडवलंय का? एक परिपत्रक, मराठीत, मोठ्या अक्षरात, प्रत्येक सेतूत. बस.

डोमिसाइलचं तसंच. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला डिफेन्सच्या जागा आहेत, डेफ-१, डेफ-२, डेफ-३ असे प्रकार, बरं आहे. पण त्यातल्या पहिल्या दोन्हीसाठी बापाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल दाखवा म्हणतात, आणि डोमिसाइल काढायला गेलं की सलग रहिवासाचे पुरावे मागतात. जो माणूस अठराव्या वर्षी भरती झाला, ज्याचं रेशनकार्ड कधी बेळगावला, कधी भटिंड्याला, कधी कुठेच नाही, तो कुठून आणणार सलग पुरावा? त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये गावाचा पत्ता भरतीच्या दिवसापासून लिहिलेला असतो, तोच पुरेसा धरा ना. अमेरिकेत सैनिकांच्या मुलांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शाळा बदलताना त्रास होऊ नये म्हणून राज्याराज्यांनी मिळून एक करार केलाय आणि तिथली पन्नासही राज्यं त्यात आली, प्रत्येक राज्याच्या विधिमंडळानं आपापला कायदा करून. तिथं पण फौज केंद्राचीच आहे की. राज्य मनावर घेतं तेव्हा होतं.

आता घरपट्टी. २०२० मध्ये राज्य सरकारनं बाळासाहेब ठाकरे यांच्या नावानं माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना मालमत्ता कर माफीचा निर्णय घेतला. छान निर्णय, आणि तो वरून पडला नव्हता, माजी सैनिक संघटना कित्येक वर्षं मागत होत्या म्हणून झाला. पण गावात गेलं की ग्रामसेवक म्हणतात माफी सरकारनं दिली, खड्डा आमच्या वसुलीत पडला, ते पैसे आम्हाला कोण देणार? आणि मला विचाराल तर ग्रामसेवकाचं चुकत नाही. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव घ्या, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, आजही तिथं घरटी फौजी आहेत, अशा गावात सगळ्यांची घरपट्टी माफ केल्यावर ग्रामपंचायतीनं दिवाबत्ती कशावर चालवायची? म्हणजे ज्या गावानं जास्त पोरं दिली त्याच गावाची तिजोरी जास्त रिकामी. तेव्हा माफी तर पाहिजेच, पण भरपाई राज्यानं ग्रामपंचायतीला द्यायला पाहिजे, नाहीतर फौजी आणि गाव यांच्यातच भांडण लागतं, लागलेलं मी बघितलंय.

नोकऱ्यांचं थोडक्यात. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. कागदावर भरपूर. पण पस्तीस-चाळीशीत बाहेर पडलेला माणूस, जो पंधरा-सतरा वर्षं रायफल नाहीतर सिग्नलचा सेट सांभाळत होता, तो दोन महिन्यांत टीसीएस आयबीपीएस पॅटर्नची परीक्षा कशी काढणार, क्लासवाले पोरं चार चार वर्षं तयारी करतात. उमेदवार नाही मिळाला की जागा दुसऱ्याला जाते. मग आमचा माणूस शेवटी सोसायटीच्या गेटवर शिट्टी घेऊन. मेस्को, म्हणजे राज्याचं माजी सैनिक महामंडळ आहे, त्यातून सिक्युरिटीची कामं मिळतात, चांगलंच आहे, पण ज्यानं ब्रिज बांधलेत, जनरेटर चालवलेत, शंभर गाड्यांचा मेंटेनन्स सांभाळलाय त्याच्या हातात आपण वहीच देणार का, गाडी नंबर लिहायला? निवृत्तीच्या आधीच्या वर्षात राज्यानं ऑनलाइन मोफत कोचिंग द्यावं, आणि टेक्निकल ट्रेडचं सर्टिफिकेट राज्याच्या भरतीत कशाला समकक्ष ते एकदा स्पष्ट लिहून टाकावं.

आणि अग्निवीरांचं तर घड्याळ चालू आहे. योजना जून २०२२ ची, पहिल्या तुकड्या २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेल्या, त्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. त्यातले २५ टक्क्यांपर्यंत फौजेत राहणार, बाकीची पोरं सेवानिधीची, म्हणजे शेवटी एकदम मिळणारी, रक्कम घेऊन घरी. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वर लिहिलेलं १५ टक्के, घरपट्टी, काहीच आपोआप लागू नाही. उत्तर प्रदेशनं जून २०२५ मध्ये पोलीस भरतीत २० टक्के जागा त्यांच्यासाठी ठेवायचं ठरवलं, हरियाणानं पण धोरण केलं. आपल्याकडे काय मिळणार हे प्रत्येक पोराच्या आईला सांगता येईल असं, आकडा आणि खातं लिहिलेलं, हातात पडलं पाहिजे, आणि पोरं परत यायच्या आधी पडलं पाहिजे. तेवीस वर्षांचा पोरगा घरी येऊन बसला की गावात लोक काय काय बोलतात ते नको सांगायला.

एवढं सगळं आहे तर फौजी स्वतः का नाही बोलत, असं शहरातली माणसं विचारतात. बोलता येत नाही! राज्यघटनेचं कलम ३३ आणि आर्मी ॲक्ट १९५० चं कलम २१, यांनी सैनिकाच्या बोलण्यावर, संघटना करण्यावर, पेपरशी बोलण्यावर बंधनं घातलीत, आणि ती असायलाच पाहिजेत, बंदूकवाल्यांनी मोर्चे काढायला लागले तर देश चालायचा नाही. पण याचा अर्थ असा की जो नोकरीत आहे त्याच्या वतीनं बोलायचं काम आमचं, बायकांचं, आईवडिलांचं आणि जे निवृत्त झालेत त्यांचं. आणि आम्ही काय करतो, व्हॉट्सॲप ग्रुपवर तिरंग्याचे जीआयएफ टाकतो आणि कुठला तरी अर्धवट जीआर फॉरवर्ड करतो ज्याचं पहिलं पान गायब असतं.

मग करायचं काय, तर माझ्या मते ग्रामसभेपासून धरायचं. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये त्या गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना परिपत्रक काढलं की हेरवाडसारखं करा. एका गावचा ठराव, आणि महिन्याच्या आत मंत्रालय! त्याच शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, नावातच सैनिक. हेरवाडचा ठराव वीरपत्नींच्या पण उपयोगाचा, हे वेगळं सांगायला नको, ज्या घरात तिरंग्यात गुंडाळून पेटी येते त्या घरात सुद्धा दुसऱ्या मिनिटाला बांगड्यांचा विषय निघतो. तर सांगायचं काय की हे जर जमलं तर सातबाऱ्याच्या नोटिसीचा ठराव जमणार नाही का?

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते, कायद्यातच आहे, आणि बऱ्याच गावांत ती कागदोपत्रीच होते, रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात. तिथंच आपण जाऊन बसायचं. ठराव एकाच मागणीचा करायचा. ठरावात जय जवान जय किसान, शौर्य, बलिदान असलं काही नको, कुठल्या खात्यानं काय करायचं तेवढं लिहायचं. बारा मागण्या घातल्या की साहेब त्यातली सगळ्यात सोपी उचलतात, बहुतेक वेळा ती कमानीची असते, वेशीवर शहीद स्मृती कमान बांधून देतो म्हणतात आणि बाकीच्या अकरा गेल्या. एका तालुक्यातल्या पंधरा-वीस गावांनी तोच ठराव, त्याच शब्दांत केला, तर प्रती घेऊन कलेक्टरकडे जायचं, कारण जिल्हा सैनिक बोर्डाचे अध्यक्ष कलेक्टरच असतात, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो तिथं अर्जाला टोकन पडतं, तोंडी आश्वासनाला पडत नाही. मग तेच कागद आमदाराला द्यायचे, पण अधिवेशनाच्या बरंच आधी, कारण तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याला मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं तो, आयत्या वेळी देता येत नाही. त्यांना सांगायचं की साहेब सत्कार राहू द्या, एवढा एक प्रश्न लावा, उत्तर आलं की आम्हीच तुमचा सत्कार करू. हिवाळी अधिवेशन नागपूरला आणि ध्वजदिन, दोन्ही बहुतेक डिसेंबरातच येतात. ७ डिसेंबरला छातीला झेंडा लावून घेणाऱ्या प्रत्येक लोकप्रतिनिधीला त्याच वेळी विचारायचं की तुमचा प्रश्न कितव्या नंबरवर आहे.

काही माजी सैनिक मंडळी म्हणतील की आम्ही शिस्तीतले लोक, असलं मागत फिरणं बरं दिसत नाही. माझ्या घरात पण हेच ऐकते मी रोज, चहा पिता पिता. मी त्यांना म्हणते, तुम्ही पलटणीत असताना रोल कॉलला अर्ज करून सुट्टी मागत होताच ना, सीओ साहेबांच्या दरबारात आपली अडचण, म्हणजे पॉइंट, देत होताच ना, मग आता गावाच्या दरबारात पॉइंट द्यायला काय झालं. संघटनांबद्दल पण एक बोलू का, राग मानू नका, एका जिल्ह्यात तीन तीन संघटना आणि तिघांचे तीन लेटरहेड, पहिला अध्यक्ष मुंबईत जाऊन आला की दुसरा त्याच मंत्र्याकडे त्याच्या विरोधात. मंत्र्यांना हे फार आवडतं. पक्षाचे गमछे बाहेर ठेवून एक कागद सगळ्यांनी मिळून दिला तर निम्मं काम तिथंच होईल.

आता तुमच्याकडे मागणं. ध्वजदिनाचे फोटो छापा, पण त्याच पानावर एक चौकट टाका की आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या आमदारानं गेल्या अधिवेशनात सैनिक कुटुंबांबद्दल कुठला प्रश्न विचारला आणि उत्तर काय मिळालं. ज्यांनी विचारला नाही त्यांच्या नावापुढे डॅश टाका, टीका पण नको. विधिमंडळाचं कामकाज उघडच असतं, तुमच्या बातमीदाराला अर्ध्या दिवसाचं काम. आमच्याकडच्या बायकांनी सातबाऱ्याच्या नोटिसीचा ठराव लिहून ठेवलाय, पाच ओळींचा आहे, येत्या महिला ग्रामसभेत मांडणार आहोत. छापायला जागा असेल तर त्याची प्रत पाठवते, म्हणजे दुसऱ्या गावांना जसाच्या तसा उतरवून घेता येईल.

आपली विश्वासू,
एका निवृत्त हवालदाराची पत्नी,
पश्चिम महाराष्ट्र